एका रेषेतला फटका

गोल्फ म्हणजे चांगल्या चालत्या माणसाला उगाच मध्येमध्ये थांबवणारा खेळ, असं माझं मत होतं आणि लग्नानंतर बरीच वर्षं ते मी मोठ्या आवाजात सांगत आले. मोठा आवाज ही जिल्हा परिषदेच्या शाळेची देणगी. पत्र्याखालच्या वर्गात पावसाळाभर पाढे म्हणून घेतले की घरातही हळू बोलता येत नाही.

नवरा कारखान्यात फिटर होता. (लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. तोंडावर मात्र ‘तुमी’च.) फिटर आणि गोल्फ हे एका वाक्यात ऐकलं की नागपूरचे नातेवाईक आधी हसतात आणि मग, खरं की काय, असं विचारतात. खरंच आहे. आमच्या वसाहतीच्या मागे, कारखान्याची भिंत आणि झुडपी जंगल यांच्यामधल्या पट्ट्यात साहेब लोकांनी कधीकाळी गोल्फचं मैदान केलं होतं. पुढे साहेब कमी झाले, गवत माजलं, आणि मग वरून निरोप आला की जो गवत कापेल त्याने खेळावं. फिटर लोकांनी गवत कापलं. दुसरीकडे जिथे मखमलीसारखी हिरवळ असते तिथे आमच्याकडे मशीनचं जळकं तेल घातलेली काळी वाळू. तिच्यावर चेंडू झकास घरंगळतो म्हणतात. पॅन्टला लागलेले तिचे डाग मात्र जन्मात निघत नाहीत, आणि हे मी खात्रीने सांगू शकते.

त्याचा फटका देखणा होता, हे मान्य केलं पाहिजे. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना अर्धा संच देऊन टाकला होता, त्यातली सात नंबरची लोखंडी काठी तो अंगणात रोज फिरवायचा. ओली चादर पिळावी तशी कंबर पिळायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. शेजारच्या बायका कुंपणापलीकडून बघायच्या. त्याला ते माहीत असायचं आणि त्याला ते आवडायचं.

मग मणक्यातली गादी सरकली. आयुष्यभर पंपाखाली वाकून काम केलेला माणूस, त्यात ही पिळापिळी. डावा पाय बधिर व्हायला लागला तरी तो ऑपरेशनला तयार होईना. त्याचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला. तिथला एक जण पाठीच्या ऑपरेशननंतर अंथरुणावरून उठलाच नव्हता, ती गोष्ट याच्या डोक्यात घट्ट बसली होती. मी ऐकलं नाही. भांडले, रडले, अबोला धरून पाहिला, आणि शेवटी एका सकाळी त्याची बॅग भरून गाडी दारात आणून उभी केली. “होऊ दे तुह्याच मनासारखं,” एवढंच तो म्हणाला आणि गाडीत बसला.

ऑपरेशन चांगलं झालं. पाय हळूहळू ताळ्यावर आला. पण माणूस बोलायचा बंद झाला. तसा तो मुळातच कमी बोलणारा, माझ्यासारखीशी संसार करायचा म्हणजे एकाने तरी कमी बोललेलं बरं. पण आता चहा घेता का, तर मान. पट्टा बांधू का, तर मान. आमच्या विहारातल्या बायका भेटायला आल्या की तो डोळे मिटून पडायचा. मी त्याला उठवायचे, न्हाणीत न्यायचे, अंग पुसून द्यायचे, आणि तो सबंध वेळ भिंतीकडे पाहत राहायचा. मला एकच दिसत होतं. मी जबरदस्ती केली, त्याचा राग त्याने धरला आहे, आणि हा राग तो कधीच तोंडाने बोलून दाखवणार नाही, असाच गिळत राहील. वर्गभर पोरांना गप्प करणं मला जमत होतं. एका माणसाला बोलतं करणं काही जमेना, आणि सरळ विचारायची तर मला चक्क भीती वाटत होती.

रजेवर असतानाच तो निवृत्त झाला. मी आदल्या वर्षीच झाले होते. उन्हाळा संपेपर्यंत क्वार्टर रिकामं करायचं आणि गावाकडे बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं. सामान आवरताना मी माळ्यावरची गोल्फची पिशवी काढली, तर त्याने बऱ्याच दिवसांनी एक आख्खं वाक्य उच्चारलं.

“देऊन टाक कोनाले. डॉक्टरनं सांगतलं ना, कंबर पिळाची नाई म्हून.”

मी पिशवी दिली नाही. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे उभी करून ठेवली. या खेळाला नावं ठेवण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं होतं, पण ती पिशवी दुसऱ्याच्या दारात जाताना मला बघवली नसती.

पाठीचे व्यायाम शोधताना मोबाइलवर मला एक माणूस सापडला. परदेशातला कुणी व्यावसायिक गोल्फपटू, वयस्कर, अंगाने जाड. त्याचं उभं राहणंच जगावेगळं होतं. बाकीचे खेळाडू हात खाली सोडून, काठीला कोन देऊन, ऐटीत उभे राहतात. हा पाय चांगले फाकवून, हात लांब ताणून उभा, आणि काठीचं टोक चेंडूपाशी टेकवायच्या ऐवजी वीतभर मागेच. काठी आणि हात मिळून खांद्यापर्यंत एकच सरळ रेष. विहिरीतून काहीतरी ओढून काढायच्या तयारीत असावा तसा. व्हिडिओखालच्या शेऱ्यांमध्ये लोक हसत होते. पण चेंडू जायचा तो सरळ जायचा, पुन्हा मारला की पुन्हा तिथेच.

त्याचं इंग्रजी मला अर्धंच कळलं, पण मास्तरकीत एक गोष्ट शिकले आहे, शिकवणारा चांगला असला की हातांवरूनही समजतं. त्याचं म्हणणं इतकंच होतं. इतर लोक काठी एका रेषेत धरतात आणि चेंडूवर आणतात दुसऱ्याच रेषेत. मधला फरक भरून काढायला शरीराला उचकावं लागतं, पिळावं लागतं. मग जिथे यायचं आहे तिथेच काठी आधीपासून का धरू नये? एकाच रेषेत वर न्यायची, त्याच रेषेत खाली आणायची. कमरेला फारसं काम नाही.

“कमरेला फारसं काम नाही” हे मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

पुढच्या तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा नवरा बाहेर बाकावर असताना मी डॉक्टरांच्या नाकासमोर मोबाइल धरला. त्यांनी बघितलं, मग स्वतः खुर्चीतून उठून पाय फाकवून उभं राहून पाहिलं, आणि म्हणाले की अर्धाच फिरवू द्या, दुखलं की लगेच थांबवा. मला तेवढं पुरे होतं.

नवऱ्याला तो व्हिडिओ दाखवला. त्याने एकदा पाहिला आणि तोंड फिरवलं. म्हणजे आता काठी मलाच धरावी लागणार होती.

अंगणात शेवग्याच्या झाडापासून खाली नळाच्या तोटीपर्यंत मी कपडे वाळत घालायची दोरी तिरपी ताणून बांधली. त्या दोरीला घासत काठी वर न्यायची आणि घासतच खाली आणायची, म्हणजे रेष चुकणार नाही, असा माझा हिशेब. साडी खोचली, पाय फाकवले, हात ताणले. पहिल्याच झटक्यात काठी दोरीत अडकली आणि शेवग्याच्या चार शेंगा खाली आल्या. दुसऱ्यांदा नळाची तोटी वाजली. मी दोरीला शिव्या देत होते.

“नाचता येईना आंगन वाकडं,” खिडकीतून आवाज आला.

“मंग तुमी या अन् सरळ करून द्या!”

तो आला नाही. मीही थांबले नाही. रोज सकाळी भाजी फोडणीला टाकायच्या आधी दोरीशी माझी झटापट चालायची आणि खिडकीत पट्टा बांधलेला एक माणूस उभा असायचा. एक दिवस तो पायरी उतरून आला, एक डोळा मिटला आणि दोरीकडे असा पाहत राहिला जसा कारखान्यात यंत्रांकडे पाहत असेल. मग वाकायचं नाही हे आठवून गुडघे मोडून बसला आणि दोरीचं खालचं टोक तोटीवरून सोडवून विटेला बांधलं.

“मोटर आन पंप एका लाईनीत नसन त बेरिंग जाते,” तो म्हणाला. “पंप चांगला, मोटर चांगली, तरी जाते.” गाठ आवळत म्हणाला, “माह्यं बेरिंग गेलं.”

“म्हून त म्हणून राह्यली मी, लाईन बदलवा.”

त्याने माझ्या हातातून काठी घेतली. आजवर तो ती बोटांत धरायचा, बासरी धरावी तशी नाजूक. त्या परदेशी माणसासारखी आता तळव्यात धरली, हातोडा धरतात तशी. पाय फाकवले. हात ताणले. काठी दोरीला टेकवून हळूच वर नेली, खांद्याच्या खालीच थांबवली आणि तशीच परत आणली. मी त्याच्या कमरेकडे पाहत होते. ती हलली, पण पिळली नाही.

“येड्यावानी दिसत असन मी,” तो म्हणाला.

“थोडेसे,” मी म्हणाले, आणि घरात जाऊन मोरीत तोंड धुतलं, कारण डोळे भरून आले होते आणि त्याला ते दाखवायचे नव्हते.

दिवसामागून दिवस तो दोरीवर काठी घासत राहिला. मधूनच मोबाइल मागून घ्यायचा, त्या माणसाचा डावा पाय बघायचा, मान हलवायचा. तो पाय जमिनीला सपाट चिकटलेला असतो, टाच तो वळवून उचलत नाही, हे मला दिसलं नव्हतं, याने शोधून काढलं. पुढे दोरी काढून टाकली. मोज्यांचा गोळा करून त्यावर फटके मारून झाले. मोजे बरोबर जास्वंदीच्या कुंडीपाशी जाऊन पडायचे, रोज. बोलणं मात्र वाढलं नाही. ‘मोजे दे’, ‘सरक’, बस्स. माझ्या मनातला काटा होता तिथेच होता.

मोहफुलांचे दिवस सुरू झाले तेव्हा मी म्हणाले की एकदा मैदानावर जाऊन खरा चेंडू मारू, मग हे सगळं सोडून गावालाच जायचं आहे. तो हो म्हणाला. त्याचे खेळगडी एकेक करत निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले होते, त्यामुळे सोबतीला मीच. इतक्या वर्षांत मी त्या मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. भिंतीला लागून वाळकं गवत, त्यापलीकडे पळस आणि दाट झुडपं. त्याने चेंडू ठेवला, पाय फाकवले, हात ताणले. मी चार हात मागे अगदी चिडीचूप उभी राहिले. मोबाइलवर पाहिलं होतं ना, फटक्याच्या वेळी हजारो माणसं श्वाससुद्धा रोखून धरतात. मी खेळाचा मान राखत होते.

तो उभाच राहिला. काठी वर जाईना. मग बाजूला झाला, पुन्हा येऊन उभा राहिला, पुन्हा तेच. मानेवर घाम आला. कळ आली असणार, मी घाबरले.

“दुखून राह्यलं का?”

“नाई. जमत नाई. चाल घरी.”

काठी पिशवीत टाकून तो निघालासुद्धा. मी मागून जवळजवळ पळत गेले आणि विचारलं की झालं तरी काय. तो थांबला, आणि मलाच विचारलं, “तू चूप काऊन उभी होती?”

मग त्याने सांगितलं तेव्हा मला कळलं. या मैदानावर, झुडपं जवळ असल्यामुळे, चेंडूवर वाकणाऱ्याच्या मागे कुणीतरी पाठ करून उभा राहतो आणि सारखा बोलतो. जो वाकला तो गप्प, जो मागे उभा तो बोलणार, आणि वाकलेला सरळ झाला की बोलणं बंद. जंगलातलं जनावर, आमच्याकडे म्हणजे वाघच, वाकलेल्या माणसावर येतं, बोलणाऱ्या उभ्या माणसांपासून लांब राहतं. फिटर लोकांनी हे झुडपांजवळ सुरू केलं आणि मग सवयच झाली, मैदानाच्या दुसऱ्या टोकालासुद्धा बडबडीशिवाय कुणाचा फटका निघेना. एकदा हे लोक नागपूरला सामना खेळायला गेले होते. तिथे सगळं चिडीचूप.

“इतकं चूप होतं का मले वाटलं, मागं येऊन बसलाच हाये,” तो म्हणाला. त्याचा पहिला चेंडू तिथे पाण्यात गेला होता, आणि त्याच्या दोस्ताने दुसऱ्याच्या फटक्याच्या वेळी मागे उभं राहून कपाशीच्या भावावर बोलायला सुरुवात केली म्हणून त्याला मैदानाबाहेर नेऊन बसवलं होतं. मी हसता हसता खालीच बसले. तोही थोडासा हसला, पोट धरून नाही, पण हसला.

आणि हे मला कळायला हवं होतं. माझं माहेर आरमोरीच्या बाजूचं. मोहफुलं वेचायला आम्ही कधी एकटं गेलो नाही. एकीने वाकून वेचायचं आणि दुसरीने उभं राहून बोलायचं, हाका मारायच्या, गाणी म्हणायची. माझी आई तर झाडालासुद्धा बोलून घ्यायची. पण ते मोहाखाली, गोल्फमध्ये असं असेल हे कुणाच्या डोक्यात येणार!

“चला मागं,” मी म्हणाले. “बोलाचंच हाये नं? त्याच्यात मी हार जानार नाई.”

तो पुन्हा उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ करून झुडपांकडे तोंड केलं आणि पहिलं जे सुचलं ते सुरू केलं, हिवाळ्यात बहिणीसोबत वडशाला पाहिलेल्या नाटकाची गोष्ट. खलनायकाने कसा दागिना चोरला, बाई कशी पेटीच्या सुरावर रडली, मंडपात थंडीने आम्ही एका ब्लँकेटात दोघी कशा बसलो. बाईला घराबाहेर काढलं तेवढ्यात मागून टक्कन आवाज आला. वळून पाहिलं तर चेंडू हवेत, सरळ. पूर्वीच्या निम्मासुद्धा लांब गेला नसेल. पण शिंप्याने खडूने आखावा तसा सरळ.

“मंग त्या बाईचं काय झालं?” त्याने विचारलं.

असे काही दिवस गेले. आम्ही ऊन तापायच्या आत जायचो. मी भाचीच्या लग्नाचं बोलले, शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापकांच्या नकला केल्या, गावच्या घरात चूल कुठे मांडायची यावर एकटीनेच वाद घातला. तो गुपचूप चेंडू मारत राहिला. कंबर दुखली नाही. शेजारी पाहायला आले आणि त्याचं ते फाकलेलं उभं राहणं पाहून हसले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पूर्वी वाटलं असतं. मला आनंद होत होता आणि तरी घरी परतताना मन खट्टू व्हायचं. सबंध सकाळ मी बोलते, पण हा माझ्याशी काय बोलला? चेंडू गेला तिकडे, झुडपात बघ, पाणी दे. राग गेला की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

सामानाचा ट्रक येणार होता त्याच्या आदल्या सकाळी आम्ही शेवटचे गेलो. काळ्या वाळूपर्यंत त्याने एक खेळी नीट पुरी केली, झेंड्याची काठी काढली, परत ठेवली. मग एक चेंडू माझ्या पायाशी टाकला आणि सात नंबर माझ्या हातात दिला.

“तू मार. दोरीवर तूच पह्यले शिकली.”

मी साडी खोचली. पाय फाकवले, काठी तळव्यात धरली, हात ताणले, काठीचं टोक चेंडूच्या वीतभर मागे टेकवलं आणि वाकले. मागे तो पाठ करून उभा राहिला. सगळीकडे शांत. एक पोपट तेवढा ओरडून गेला.

“बोला ना,” मी वाकलेलीच म्हणाले.

तो खाकरला. आज ऊन लवकर तापेल म्हणाला. ट्रकवाल्याला दोरखंड आणायला सांगितला आहे म्हणाला. गावच्या हातपंपाचं वायसर बदलावं लागेल म्हणाला. मग विषय संपले. मला वाटलं, झालं, आता मारावा. मी काठी उचलणार इतक्यात तो पुन्हा बोलायला लागला, हळू, झुडपांना सांगावं तसं.

“मले अंदर नेऊन राह्यले होते ना, तवा मी तुह्याकडं पाह्यलं नाई. पाह्यलं असतं त रडलो असतो. एवढ्या लोकायसमोर कसं रडू.”

मी हलले नाही.

“तू न्हाणीत धरून नेत होती, तवा मले वाटे का आता जलमभर हेच. ही मले उचलत राहीन आन मी लाकडावानी पडून राहीन. तोंड उघडलं असतं त, ‘तू जाय बहिणीकडं’, असंच निघालं असतं. आन तू खरंच गेली असती त? म्हून मी तोंडच उघडलं नाई. तुले वाटलं असन, हा रागावला. मी काऊन रागावू? त्या दिवशी तू गाडी दारात आनली नसती त मी आज इथी उभा नसतो. हे मले तवाच सांगाचं होतं. सांगता येत नाई मले, तुह्यावानी.”

हात, काठी, खांदा, सगळं एका रेषेत आलं होतं. चेंडू समोर होता, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसत नव्हता. कंबर भरून यायला लागली होती. पण मी सरळ झाले असते तर तो बोलायचा थांबला असता. मी फटका मारला नाही. तशीच वाकून उभी राहिले, आणि तो बोलत राहिला.